झाकणावरचा निळा बैल

बा, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तुला लिहिलेलं प्रत्येक पत्र आधी चाचाच्या तोंडून जायचं. अबू धाबीकडच्या रुवैसच्या कामगार-कॅम्पात तुझ्या वरच्या बंकवर झोपणारा म्हसळ्याचा चाचा. पत्र हातात आलं की तो चष्मा पुसायचा आणि खोलीतल्या सहाही जणांना ऐकू जाईल असं खणखणीत वाचायचा. त्यामुळे मी तुला नेहमी सहा जणांना चालेल तेवढंच लिहिलं. आज लिहितोय ते वाचायला चाचाही नाही, त्याला जाऊनही सात-आठ वर्षं झाली. म्हणजे मोकळेपणाने लिहायला हरकत नाही. पोचवणार कोण, ते मात्र विचारू नकोस. मला निळ्या बैलाबद्दल सांगायचंय. एवढी वर्षं कुणाला सांगितलं नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं ती माणसं एकेक करून संपली.

मी आता दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समध्ये राहतो आणि दोन बिल्डिंग सोडून ऑफिस आहे. डॉक्युमेंट कंट्रोलर, म्हणजे दिवसभर ड्रॉइंगच्या रिव्हिजन सांभाळायच्या. तुझी सून आणि नात पुण्याला गेल्या, पोरीच्या कॉलेजसाठी. वन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये मी एकटा. शनिवारी वरणभाताचा कुकर लावतो आणि तेच रविवारी संध्याकाळपर्यंत पुरवतो. तू रंगवलेला बैल जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर लावलाय. व्हिडिओ कॉलवर पोरीला तो माझ्या खांद्यामागे दिसतो. परवा मी तिला विचारलं, सांग बघू, हा बैल काय करतोय? ती म्हणाली, ‘‘इट्स जस्ट स्टँडिंग देअर, बाबा.’’ मी हसून विषय बदलला. तिला काय बोलणार? तिनं आयुष्यात एक शेळीसुद्धा राखलेली नाही. मी राखली होती, बा, तुझ्याबरोबर, वयाच्या नवव्या वर्षापर्यंत.

आपली ठाकरवाडी रोह्याच्या वरच्या अंगाला, डोंगराला लागून. तू खालच्या गावाची गुरं राखायचास. सकाळी घराघरातून सोडून आणायची, संध्याकाळी ज्याची त्याला नेऊन बांधायची. कातळावर बसून कोळशानं त्याच गुरांची चित्रं काढायचास आणि पावसाळ्यात ती धुऊन जायची. तुला कुणी शिकवलं नाही. वाडीवर लग्नाच्या घरी भिंतीवर काढतात तसलंही ते नव्हतं. तुझं ते तुझंच होतं. आय म्हणायची, ‘‘लग्न झालं तवापासून बघतेय, ह्याचा हात रिकामा कधी नसतो.’’ पुढे गावातली गुरंच कमी झाली. तू कारखान्यांत कॉन्ट्रॅक्टरकडे रंगारी म्हणून लागलास, आणि मी आश्रमशाळेत सातवीत असताना म्हसळ्याच्या एका ओळखीच्या माणसानं तुला गल्फला लावून दिलं. पाइप रंगवायचे, टाक्या रंगवायच्या. तू गेलास त्या दिवशी मी शाळेतच होतो. मला चार दिवसांनी कळलं.

मग पत्रं यायला लागली. चाचाचं अक्षर, आणि मजकूर दर वेळी तोच. मी इकडे खुशाल आहे, तुम्ही काळजी करू नये. सोबत खोक्याच्या पुठ्ठ्याचा एक तुकडा, त्यावर एखादं जनावर. सुट्टीत घरी आलो की पत्र वाचून दाखवायचं काम माझं. मी मोठ्या ऐटीत ‘सप्रेम नमस्कार’ सुरू करायचो आणि दुसऱ्या ओळीपर्यंत पोचायच्या आत आय उठून पुठ्ठा घेऊन दारातल्या उजेडाला गेलेली असायची. ‘‘बसून रवंथ करतेय. बरं चाललंय त्याचं.’’ एकदा म्हणाली, ‘‘ही गाय कान पाडून उभी हाय. करमत नाय त्याला.’’ मी म्हटलं, अगं पण पत्रात लिहिलंय की, खुशाल आहे! ती म्हणाली, ‘‘पत्र त्या चाचानं लिवलंय.’’ मला वाटायचं, बाई अडाणी आहे, काहीतरी मनानं जुळवते. डिप्लोमा करणाऱ्या पोराला असं वाटायचंच. खरं सांगतो, मला तेव्हा तुम्हा दोघांची जरा लाजच वाटायची.

डिप्लोमा झाला आणि मी अबू धाबीला आलो, ऑफिसच्या नोकरीवर. महिन्यातून एका शुक्रवारी सकाळची बस पकडून रुवैसला यायचो, तीन तास वाळू बघत. पहिल्यांदा आलो तेव्हा तू कॅम्पच्या किचनमध्ये होतास. आठ शेगड्या, त्यातल्या चार बंद, आणि उरलेल्यांवर आंध्रवाले, बिहारी, पठाण अशी सगळी रांग. तू एका कोपऱ्यात नाचणीची भाकरी थापत होतास. पीठ गावाहून आलेलं, सहा महिने जपून ठेवलेलं. मला बघून तू हात धुतले नाहीस की जवळ आला नाहीस, फक्त म्हणालास, ‘‘एवढी खा, मग बोलू.’’ चाचानं सुकटीची चटणी केली होती. ‘‘खा रे पोरा, तुझा बा हफ्ताभर बोलतोय, मेरा साहब आनेवाला है,’’ असं चाचा म्हणाला आणि तू त्याच्यावर डोळे वटारलेस. एवढं चविष्ट मी नंतर कधी खाल्लं नाही. तेव्हा मात्र ताटलीला रॉकेलचा वास येतो म्हणून कुरकुरलो होतो.

त्या दिवशी तू मला पलंगाखालची झाकणं दाखवलीस. वीस लिटरच्या रंगाच्या ड्रमची गोल पत्र्याची झाकणं, एकावर एक रचलेली, मध्ये वर्तमानपत्राचे कागद घातलेले. प्रत्येकावर एक जनावर. हिरवी म्हैस. पिवळा कुत्रा. लालभडक वासरू. मी म्हटलं, बा, हिरवी म्हैस कुणी बघितलीय? उत्तर चाचानं दिलं, भांडी घासता घासता. साइटवरचा रंग दोन डब्यांत येतो, एकात रंग, दुसऱ्यात हार्डनर. एकदा मिसळला की घड्याळ सुरू. उन्हाळ्यात तर तासाभरात डब्यातच दगड होतो, मग छिन्नीनं फोडला तरी निघत नाही. शिफ्ट सुटल्यावर बस येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं मिळतात. तेवढ्यात डब्याच्या तळाला जे उरलंय ते घ्यायचं, खजुराच्या झावळीची काडी चावून तिचा कुंचला करायचा आणि जनावर उभं करायचं. आग विझवायच्या पाण्याची लाइन रंगवली त्या दिवशी लाल. गॅसची लाइन, पिवळा. साध्या पाण्याची, हिरवा. ‘‘रंग कंपनीचा, जनावर तेचा,’’ चाचा म्हणाला. झाकणं भंगारात जायची, ती तू स्टोअरवाल्याकडून मागून घ्यायचास आणि गेटवर दर वेळी भंगाराचा पास दाखवून बाहेर काढायचास.

तुमच्या केरळी फोरमनला हे कळलं आणि त्याला साइट ऑफिसच्या भिंतीसाठी उंट हवा झाला. क्लायंटचे लोक यायचे होते. त्यानं तुला चांगला प्लायवूड दिला, एक अख्खा दिवस सुट्टी देतो म्हणाला. तू नाही म्हणालास. मी होतो तिथे, तो शुक्रवार होता आणि फोरमन खोलीवर आला होता. ‘‘क्यों नहीं? रोज तो देखता है बाहर!’’ तू तुझ्या मोडक्या हिंदीत म्हणालास, ‘‘देखा है साब. संभाला नहीं.’’ फोरमननं माझ्याकडे बघितलं, मी शरमेनं मान खाली घातली. साहेबाला कुणी नाही म्हणतं का! तो गेल्यावर मी तुझ्यावर चिडलो. तू शांतपणे म्हणालास, ‘‘उंटाचं दुखतं-खुपतं मला कळत नाय. मग काढू काय? नुसतं कातडं?’’ मला तो हट्टीपणा वाटला.

मीही काही कमी शहाणा नव्हतो. पहिल्या वर्षाच्या शेवटी दुबईतल्या एका दुकानातून तुझ्यासाठी रंगाच्या ट्यूबांचा डबा आणला, खरे कुंचले, जाड कागद. वाटलं, बापाला आता नीट वस्तू मिळाल्या की हिरव्या म्हशी बंद होतील. तू डबा उघडलास, एक-एक ट्यूब दाबून बघितलीस, वास घेतलास. पुढच्या महिन्यात आलो तर डबा तसाच. का रे? ‘‘हे सुकतच नाय,’’ तू म्हणालास. ‘‘बसावं म्हटलं तर चार दिवस बसता येतंय. जनावर कुठं एवढा वेळ थांबतंय?’’ मला राग आला. रागाच्या भरात मी पलंगाखालून एक झाकण ओढलं, त्यावर पिवळी शेळी होती, पुढचा एक पाय जमिनीपासून वर राहिलेला. म्हटलं, नीट वेळ घेतला असतास तर हा पाय तरी खाली टेकला असता. आणि तू, जो कधी आवाज चढवत नव्हतास, तू सगळ्या खोलीसमोर ओरडलास. ‘‘खुरात काटा हाय तिच्या! दिसत नाय? शाळेत गेलास ते डोळे तिकडंच ठेवून आलास काय?’’ मग तू हळू आवाजात म्हणालास, ‘‘जनावर बोलत नाय. उभं कसं राहतंय ते बघायचं. मी तुला दाखवलं होतं लहानपणी.’’ दाखवलं होतंस, बा. कातळावर बसून, बोट करून. कुठलं लंगडतंय, कुठलं माजावर आलंय, कुठल्याचं पोट फुगलंय. मी विसरलो होतो. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये तोंड फुगवून बसलो आणि पुढचे दोन महिने आलो नाही. कामाचं निमित्त काढलं.

आता बैल. तू अबू धाबीला माझ्याकडे कधी आला नव्हतास, मीच यायचो. मग एका शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमारास दार वाजलं आणि बघतो तर तू, इस्त्रीच्या शर्टात, बगलेत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं झाकण. मला आनंद झाला आणि लगेच धाकधूकही झाली, कारण ऑफिसचे दोघं-तिघं जेवायला यायचे होते आणि खोलीत मटण शिजत होतं. तू खाली सतरंजीवर बसलास. मटण वाढलं तर नको म्हणालास, भाताची पेज आहे का विचारलंस. मी म्हटलं, पेज कसली, आजारी आहेस का? तू म्हणालास, ‘‘नाय, असंच.’’ चहा अर्धा ठेवलास. मग टॉवेल उघडलास. निळा बैल. हवेच्या लाइनचा निळा, मला आता पाठ झालं होतं. बैल आडवा उभा, मान पूर्ण मागे वळवून स्वतःच्या कुशीकडे बघतोय, आणि मागचा एक पाय पोटाखाली जरासा उचललेला. मी म्हटलं, ‘‘वा! एकदम बेस्ट काढलास. मान काय सुंदर वळवलीय!’’ तू माझ्या तोंडाकडे बघत राहिलास. मी आणखी म्हटलं, हा फ्रेम करून लावतो. तू म्हणालास, ‘‘लाव.’’ थोड्या वेळानं म्हणालास, ‘‘रोज बघत जा त्याच्याकडं.’’ मी घड्याळ बघत होतो. दोनच्या आत तुला बस स्टेशनवर सोडलं. बसच्या पायरीवर तू एक हात पोटावर धरून चढलास, मला वाटलं पाकीट सांभाळतोयस. निघायच्या घाईत ड्रायव्हर यल्ला, यल्ला ओरडत होता. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात येतो, इन्शाल्ला. चेष्टेत म्हटलं, चाचा म्हणतो तसं. तू हसलास. परत जाताना मित्रांसाठी कोल्ड्रिंक घेतलं.

मी फ्रेम केली आणि पलंगासमोर लावली. रोज बघितलाही. चार महिने, रोज, ऑफिसला जाताना आणि आल्यावर. ज्या पोरानं वयाच्या नवव्या वर्षापर्यंत गुरं राखली त्यानं! दोन वेळा रुवैसला येऊनही गेलो. तू खंगलेला दिसलास, मी म्हटलं उन्हाचं काम आहे. तुझ्या उशाशी लिंबू सोड्याच्या बाटल्या होत्या. मी त्याही बघितल्या.

मग एका सकाळी चाचाचा फोन आला ऑफिसात. साइटवर परांचीवरून तुला खाली उतरवलं होतं, तू पोट धरून वाकला होतास. मी टॅक्सीनं पोचलो तोवर खलास. डॉक्टर म्हणाला, आत जखम होती, ती फुटली, महिनोन्‌महिने दुखत असणार, कुणाला बोलला कसा नाही? चाचा रडत होता. ‘‘मला नाय बोलला रे. डॉक्टरला दाखव म्हटलं तर बोलायचा, मेडिकल अनफिट करून घरी पाठवतील, पोराचं लग्न व्हायचंय.’’ मी तिथे उभा होतो आणि मला तेव्हाही कळलं नव्हतं. हे तुला खरं वाटणार नाही, पण नव्हतं कळलं.

तुला वाडीवर आणलं. बरोबर तुझी ट्रंक आणि सगळी झाकणं, आणि वरती माझ्या भिंतीवरून काढलेला बैल. आयसाठी म्हणून आणला, तिला तुझं चांगल्यातलं चांगलं चित्र मिळावं. दिवसकार्य झाल्यावर तिनं अंगणात झाकणं मांडली, एकेक उचलून बघितलं, कधी मान हलवली, कधी हसली. ही पारूची म्हैस, हा आपला काळू. ज्यांची गुरं असतील त्यांची नावं घेत होती. निळ्या बैलाशी आली आणि थांबली. एक क्षणसुद्धा लागला नाही तिला. ‘‘अगं बाई,’’ ती म्हणाली. ‘‘पोटात दुखतंय ह्याच्या.’’

बा, कुशीकडे वळलेली मान, उचललेला पाय. पोटात कळ आली की जनावर असंच उभं राहतं. हे मला सहाव्या वर्षी माहीत होतं. तू तीन तास बसमध्ये बसून, दुखत्या पोटानं, मला ते सांगायला आला होतास. तोंडानं तू कधी काही सांगितलंच नव्हतंस, मग तेवढंच एकदा कसं सांगणार होतास? आणि मी म्हटलं, मान काय सुंदर वळवलीय.

आयनं माझ्याकडे बघून विचारलं, ‘‘हा कुठं होता?’’ काचेची फ्रेम मी प्रवासात फुटू नये म्हणून काढून ठेवली होती, त्यामुळे नुसतं झाकण होतं, बाकीच्यांसारखंच. मी म्हटलं, ‘‘ट्रंकेत. सगळ्यांच्या खाली.’’ ‘‘म्हणजे कुणाला दाखवलाच नाय?’’ मी म्हटलं, ‘‘नाय.’’ तिनं झाकण पदरानं पुसलं. मग म्हणाली, ‘‘एवढी वर्षं समदं मला पाठवलं, आणि हा एकच लपवला.’’

ती त्यानंतर वीस वर्षांवर जगली. मी तिला दोनदा इथे आणलं, मॉल दाखवले, ती कंटाळली आणि परत गेली. दर सुट्टीला घरी गेलो की ठरवायचो, या वेळी सांगायचं. ती चुलीपाशी बसून कधीतरी तोच विषय काढायची, रागावून, जसा तू बाहेर अंगणातच बसलायस. ‘‘मला पाठवला असता तर मी त्या चाचाला सांगून उचलून आणला असता त्याला. माझ्यापासून लपवला बघ.’’ आणि मी भाकरी मोडत बसायचो. मला भीती वाटायची, बा. ती काय म्हणेल याची नाही. ती काहीच म्हणणार नाही, नुसती माझ्याकडे बघेल, याची.

या पावसाळ्यात आय गेली. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. बैल मी परत घेऊन आलो.

आता हे कागद घडी करून झाकणाच्या मागे ठेवणार आहे, फ्रेमच्या आत. तिथून ते कुठे जाणार नाहीत, मला माहीत आहे. पण आय आतापर्यंत तुझ्याकडे पोचली असेल, आणि पोचल्या पोचल्या भांडली असेल, बैल का लपवलास म्हणून. तू नेहमीसारखा गप्प बसशील, माझं नाव घेणार नाहीस. घे, बा. तिला सांग, लपवला नव्हता, पोराला नेऊन दाखवला होता.